पेन्शनीवर आल्यावर बडी कोण?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आमच्या बॅचला दोन पानं मिळाली. सहली, स्नेहसंमेलनं, गुरुजनांचा धाक यांवर बाकीच्या बॅचेस लिहितीलच. ही दोन पानं आम्ही आमच्या वर्गातल्या एका हवालदाराला दिली आहेत. तो तोफखान्यात होता. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्स तोफेवर होता. पेन्शनीवर घरी आला आणि पुढं काही वर्षांनी आत्महत्येनं गेला. घरच्यांच्या इच्छेनुसार त्याचं नाव इथं छापलेलं नाही. वर्गाला ते सांगायची गरजही नाही. मजकूर माझ्या नावावर असला, तरी वर्गातल्या माजी सैनिकांनी आणि मनोविकार विभागात परिचारिका असलेल्या आमच्या वर्गमैत्रिणीनं तो ओळ न् ओळ तपासला आहे.

पंधरा ऑगस्टच्या संचलनात तो रांगेच्या उजव्या टोकाला उभा असायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून रांग सरळ करायची. गणित बेताचं, पण नकाशा असा वाचायचा की भूगोलाच्या तासाला भिंतीपाशी सर त्यालाच उभं करायचे. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात त्याचं हेच कौशल्य कामी आलं. बोफोर्सचा एक गोळा सुमारे ४३ किलोचा. विरळ हवेच्या उंचीवर तो उचलून तोफेत घालायचा, तोफ उडाली की लगेच पुढचा, आणि पलीकडूनही गोळे येतच असतात. अशा गोळाबारीजवळ राहिलेल्या पुष्कळांच्या कानात वर्षानुवर्षं शिट्टी वाजत राहते. हाही पुढं प्रत्येक गप्पांत उजवा कान समोर करून बसायचा. पाठ भिंतीला, तोंड दाराकडं.

फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो. जेवण, पहारा, गस्त जोडीनं. सियाचीनसारख्या ठिकाणी बडी एकमेकांच्या हातापायांची बोटं तपासतात, कारण हिमदंश झालेल्या बोटाला काही जाणवत नाही. ते पांढरं पडलेलं दुसऱ्यालाच आधी दिसतं. बडी नीट झोपत नसेल, जेवत नसेल, घरून फोन आल्यापासून गप्प असेल, तर वर सांगणं हे दुसऱ्याचं कामच असतं. त्याला कुणी चुगली म्हणत नाही. शिपाई पस्तिशी-चाळिशीत डिस्चार्ज बुक घेऊन बाहेर पडतो तेव्हा पेन्शन, कॅन्टीन कार्ड आणि ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना त्याच्यासोबत येतात. बडी मागं राहतो. ती जागा गावात कुणी आपणहून घेत नाही, ती ठरवून घ्यावी लागते. सैनिक टाकळीसारखी फौजींची गावं ज्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, तिथल्या शाळेच्या प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी फौजी निघतोच, म्हणून हे सगळं इथं लिहितो आहोत.

आधी काय दिसतं ते. आघाडीवरच्या ठाण्यावर पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘स्टँड टू’ असतो. हल्ल्याची शक्यता त्या वेळी जास्त, म्हणून सगळे हत्यारासह सज्ज राहतात. शरीराला लागलेली ती सवय घरी आल्यावरही जात नाही; माणूस साडेतीनला टक्क जागा होतो. त्यावर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बारा तासांची रात्रपाळी लागली, की झोपेची पुरती वाट लागते. नुसती झोप मोडली म्हणजे आजार नव्हे. पण स्वप्नात किंवा जागेपणी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, त्याची आठवण करून देणारी माणसं आणि ठिकाणं टाळणं, सतत दचकणं व चिडणं, ‘माझ्यामुळंच तो गेला’ किंवा ‘मी का वाचलो’ असं मनात घोळत राहणं, हे सगळं महिन्याहून जास्त चाललं आणि संसार-नोकरीत अडथळा यायला लागला, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. उपचारानं त्यात सुधारणा होते. आत्महत्येमागं मात्र कधी एकच कारण नसतं. झोप, दारू, अंगदुखी, कर्ज, भाऊबंदकी, एकटेपणा हे एकमेकांत गुंतलेलं असतं. ‘अमुक गोष्टीमुळं गेला’ असं चौकात बोलणारे त्याच्या घरच्यांवर अन्याय करतात.

ज्या खुणांवर त्याच दिवशी हालचाल करायची त्या वेगळ्या आहेत: ‘माझं ओझं झालंय तुम्हाला’ अशी भाषा, पेन्शनचे कागद बायकोला एकाएकी समजावून देणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, दारू अचानक वाढणं, आणि बरेच दिवस खचलेला माणूस विनाकारण एकदम शांत, हलका दिसायला लागणं. या शेवटच्या खुणेवर घरचे निर्धास्त होतात, म्हणून ती निसटते.

शंका आली की सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. अभ्यासात तसं दिसलेलं नाही, उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. दोघंच असताना, घाईत नसताना, मोबाईल खिशात ठेवून विचारा: “जीव नकोसा झालाय काय रे? मरायचे विचार येतात?” ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ असं विचारलं, तर प्रश्नातच नकार असतो आणि उत्तरही ‘नाही’च येतं. तो “होय” म्हणाला तर पुढचे प्रश्न: “आज येतायत? काही ठरवलंयस? घरात काही आणून ठेवलंयस?” आणि मग ऐकायचं. “वाघासारखा जगलास, असं काय बोलतोस”, “पोरांच्या तोंडाकडं बघ” ही वाक्यं चांगल्या मनानं येतात, पण त्याला ती आणखी एक हजेरी घेतल्यासारखी लागतात आणि तो तिथंच गप्प होतो. कुणाला सांगणार नाही, असं वचन देऊ नका. “आपण दोघं मिळून सांगू” म्हणा. ठरवलंय म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही; कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सोबत घेऊन जायचं, गाडी हवी तर १०८ आणि तातडीचा धोका असेल तर ११२.

यापेक्षाही आधी करायचं एक काम आहे आणि त्याकडंच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जीव द्यायची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची, काही तासांची असते, ती ओसरते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. पुष्कळ माजी सैनिकांकडं सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक असते. ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येते, आणि पावती घेतली की परवानाही सांभाळला जातो. ‘तुझी बंदूक काढून घेतो’ म्हटलं की तो बिथरतो. “बरं वाटेपर्यंत जमा करूया, मी येतो बरोबर” म्हटलं तर तयार होतो. उसाच्या पट्ट्यात शेतीची औषधं घरात पडून असतात; ती दुसऱ्याच्या घरी, कुलपात हलवा. डॉक्टरांच्या गोळ्याही घरच्यांनी आठवड्यापुरत्याच बाहेर ठेवायच्या.

तो बरा असताना त्याच्याच अक्षरात एक कार्ड लिहून घ्यायचं. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला सुरक्षा-योजना म्हणतात. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा पुरे, आधार कार्डामागं घडी घालून ठेवता येईल असा. वरच्या ओळीत, बिघडायला लागलं की पहिल्यांदा काय होतं ते: ‘दोन रात्री झोप नाही, जबडा घट्ट.’ त्याखाली एकट्यानं करायचं काहीतरी: ‘गार पाण्यानं आंघोळ, गोठ्यात जाऊन वैरण.’ मग जिथं गेल्यावर डोकं दुसरीकडं वळतं अशी माणसं व जागा: ‘तालीम, सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर चालायला.’ मग ज्यांच्याजवळ खरं बोलता येतं अशी दोन-तीन नावं, नंबरांसकट. मग डॉक्टर आणि १४४१६. शेवटी, घरातली कोणती वस्तू कुणाकडं ठेवली आहे ते. एक प्रत बायकोकडं, एक बडीकडं. कार्ड फसतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे दुसऱ्यानंच लिहून हातात दिलेलं असतं. मग ‘योगासने करावीत’ असलं कधीच न होणारं काहीतरी त्यात येतं. दुसरं, नंबर दिलेल्या माणसाला आपलं नाव कार्डावर आहे हे माहीतच नसतं आणि रात्री दोनला त्याचा फोन बंद असतो.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष सुरू झाला. पहिला फोन पुष्कळांना अवघड जातो, तर शेजारी बसून तुम्ही लावून द्या.

उपचारांसाठी ईसीएचएस कार्डधारकाला कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी रेफरल मिळतं. तातडीच्या वेळी रेफरलसाठी थांबू नका. पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात नेलं, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिलाचं घोडं अडतं. पोलीस केसच्या भीतीनं लोक प्रयत्न लपवतात आणि उपचारांना उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही.

गोळ्यांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सर्ट्रालीनसारख्या गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते. ‘गोळ्या मानवत नाहीत’ म्हणून इथंच पुष्कळजण सोडतात. बरं वाटल्यावर एकदम बंद केली तरी चक्कर आणि अस्वस्थता येते. त्याला जोड हवी ती आघातावर काम करणाऱ्या समुपदेशनाची. पीटीएसडीत त्याचा आधार गोळीइतकाच किंवा जास्त. कॅन्टीनची दारू झोप आणते खरी, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, आणि झोपेच्या गोळीबरोबर ती जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका दिवसात सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात जोखमीचे. नेमकं तेव्हाच सगळ्यांना ‘झालं, सुटलो’ वाटतं. इथं आमची वर्गमैत्रीण जेरोम मोटो या सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविकारतज्ज्ञाचं काम आवर्जून सांगते. दुसऱ्या महायुद्धात सैनिक असताना त्यांना घराकडच्या एका मुलीची पत्रं यायची, काही न मागणारी. पुढं डॉक्टर झाल्यावर त्यांनी, रुग्णालयातून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना अशीच छोटी पत्रं पाठवली: आठवण आली, बरे असाल, वाटलं तर लिहा. इतकंच. पहिल्या दोन वर्षांत, पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. त्यात उपदेश नव्हता, ‘गोळ्या घेतोस का’ नव्हतं, आणि उत्तराची सक्तीही नव्हती.

आपल्याला हेच करायचं आहे, आणि यात उत्साहच आड येतो. पहिल्या आठवड्यात पंधरा जणांचे फोन, तिसऱ्या आठवड्यात एकाचाही नाही. म्हणून वार वाटून घ्या. सोमवार एकाचा, गुरुवार दुसऱ्याचा, पहिले तीन महिने. नंतर पंधरवड्यातून एकदा, निदान वर्षभर. मेसेज दोन ओळींचा: “भावा, आज फडतरेकडं मिसळ खाल्ली, तुझी आठवण आली. उत्तर नको देऊस.” सकाळच्या देवाच्या चित्रांचे फॉरवर्ड यात मोजू नका. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, पलटणीचा स्थापना दिवस, सोबत्याच्या मृत्यूची तारीख हे दिवस आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी समोर जाऊन बसा. गणेश विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला डॉल्बी छातीत धडधडतो, दिवाळीत ॲटमबॉम्ब फुटतात. असा मित्र असेल, तर त्या दोन दिवसांसाठी त्याला गावाबाहेरच्या घरी बोलवा, आणि सगळ्यांदेखत कारण विचारू नका.

जो गेला, त्याच्या घरी तेराव्यानंतर जा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर वहिनी काहीच सांगत नाहीत. “मंगळवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचंय, मी गाडी घेऊन येतो” असं बोला. पेन्शनर गेल्यावर कुटुंबाला मिळणारं साधं कौटुंबिक पेन्शन मृत्यूच्या कारणावर अडत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. पुष्कळ बायका ‘आता काही मिळणार नाही’ असं धरून बसतात. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, बँक पासबुक आणि आधार एकत्र ठेवा. अडतं ते नावात: डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख तिसरीच. ते आधी दुरुस्त करून घ्या. मुलांसमोर बापाचं नाव टाळू नका. त्याचे किस्से सांगा, नकाशा वाचायचा ते सांगा. कसा गेला याची चौकशी कुणीच करायची नाही. अशा मृत्यूनंतर बायको, मुलं आणि पलटणीतले सोबती यांनाही धोका वाढतो, तेव्हा वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे.

त्याच्या स्मरणार्थ आमची बॅच यंदापासून नववीत भूगोलाला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस देणार आहे. प्रमाणपत्रावर त्याची सेवा आणि विषय एवढंच असेल. महोत्सवी मेळाव्यात फटाके लावायचे नाहीत, हे संयोजन समितीनं मान्य केलं आहे. ढोल-ताशाची वेळ निमंत्रणपत्रिकेत छापली आहे. बॅचप्रतिनिधींनी ती आपापल्या माजी सैनिक वर्गमित्रांना आदल्या दिवशी फोन करून सांगावी, आणि सभागृहात मागच्या भिंतीलगतच्या, दार दिसेल अशा खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात.