सुई परत ट्रेमध्ये

यादीतली तिसरी केस. पेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: डावा डोळा, टेरिजियम. पेशंटच्या शब्दांत, 'डोळ्यात मांस वाढलंय.' ओपीडीच्या गर्दीत मिनिटभरात ते लिहून मी मोकळा झालो होतो.

भुलीची सुई हातात घेऊन मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि हात थांबला. टेरिजियम पंख्यासारखं पसरतं, त्याच्या रक्तवाहिन्या सरळ बुबुळाकडे धावतात. इथे बुबुळाच्या कडेवर जेलीसारखा उंचवटा, त्यात केसांच्या पिनांसारख्या वळलेल्या बारीक वाहिन्या, आणि बाहेरून त्याला पोसायला आलेली एक जाडजूड वाहिनी. सुई परत ट्रेमध्ये ठेवली. टेरिजियम चिमट्याने धरून सोलतात. पण ही कॅन्सरची गाठ वाटत होती, आणि तशा गाठीला चिमट्याने धरलं तर तिच्या पेशी आपल्याच हाताने पेरल्या जातात.

"माझं काही चुकलं का, डॉक्टर?"

"तुमचं नाही, माझं."

रोझ बेंगॉल हा तपासणीचा रंग डोळ्यात घातला तर गाठ गडद गुलाबी रंगली. ओसीटी स्कॅनमध्ये पृष्ठभागाचा थर एका जागी एकदम जाड झालेला. वय ३२, या वयात अशी गाठ दिसली की एचआयव्हीची तपासणी सुचवावी लागते. ते बोलणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. रिपोर्ट काय आला ते त्याच्याजवळच राहू दे.

केमोचे थेंब घालूनही अशी गाठ जिरवता येते, पण त्याला महिने लागतात. गाठ लहान होती, त्याने ऑपरेशन निवडलं.

पुढच्या आठवड्यात गाठीला चिमटा लागू न देता, भोवतीच्या ४ मिमी निरोगी पडद्यासकट ती काढली. बुबुळावरचा भाग आधी अल्कोहोलने सैल केला. तुकडा लगेच कागदावर सपाट पसरवला. गुंडाळला गेला तर पॅथॉलॉजिस्टला कडा कळत नाहीत. मग उरलेल्या कडेखाली क्रायोचा, म्हणजे गोठवण्याचा, प्रोब. पांढरं बर्फ धरतं, आपोआप वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. वितळण्याची वाट बघणं हाच त्यातला कंटाळवाणा भाग, आणि घाई तिथेच करायची नसते. हत्यारं बदलली, गर्भावरणाचा पडदा लावून जागा झाकली.

रिपोर्ट: पेशी कॅन्सरच्याच, पण तळाचा पडदा ओलांडलेला नाही, कडा स्वच्छ.

ही गाठ परतू शकते म्हणून तो ठरल्या तारखांना येतो. स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवता टेकवता दर वेळी विचारतो, "आज घाई नाही ना, डॉक्टर?"