फ्रेंचचा कोंदिस्योनेल पासे आणि आपलं 'असतं-असते': माझा अनुभव

फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेच्या बी-टू लेव्हलची तयारी करताना कोंदिस्योनेल पासे, म्हणजे 'असं झालं असतं' सांगणारा काळ, आला की सगळे आधी तक्ता पाठ करायला बसतात, पण खरं सांगू का, तक्ता हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मराठी माणसाची अडचण वेगळ्याच जागी आहे आणि ती मला कुठल्या पुस्तकात लिहिलेली सापडली नाही, कारण आपल्याकडे क्लासला वापरतात ती पुस्तकं एकतर पूर्ण फ्रेंचमध्ये नाहीतर इंग्रजीतून समजावणारी. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी बनवायचं कसं ते. आव्वार (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या सहायक क्रियापदांपैकी एकाचं कोंदिस्योनेल प्रेझाँचं (आजच्या कल्पनेतल्या गोष्टीचं) रूप घ्यायचं आणि पुढे पार्तिसिप पासे, म्हणजे मुख्य क्रियापदाचं खाल्लं-आलं असं रूप, लावायचं, बस्स. पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, येत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे, म्हणजे 'जे माँजे' मी खाल्लं, 'ज'ओरे माँजे' मी खाल्लं असतं. कुठल्या क्रियापदाला आव्वार आणि कुठल्याला एत्र ते पासे कोंपोझेमध्ये शिकलोय तसंच राहतं, जाणं-येणं-निघणं-पोचणं-जन्मणं-मरणं ही मंडळी आणि सगळी स्व-वाचक (स्वतःवरच क्रिया होणारी) क्रियापदं एत्रकडे. उलट मला तर हा काळ कोंदिस्योनेल प्रेझाँपेक्षा सोपा वाटला, कारण तिथे प्रत्येक अनियमित क्रियापदाचं वेगळं मूळ लक्षात ठेवावं लागतं आणि इथे फक्त दोनच मुळं, 'ओर' आणि 'सर', त्यांना आँपार्फेचे (चालू भूतकाळाचे) प्रत्यय लावले की झालं.

लिहिताना मात्र सांभाळून, कारण ज (मी), त्यू (तू), इल (तो) आणि बहुवचनातलं इल (ते) या चौघांचं रूप कानाला एकच ऐकू येतं, 'ओरे'. ज आणि त्यूला शेवटी ए-आय-एस, एकवचनी इलला ए-आय-टी, अनेकवचनाला ए-आय-ई-एन-टी. नू (आम्ही) आणि व्हू (तुम्ही) तेवढे वेगळे, 'ओरियों' आणि 'ओरिये'. आव्वारमध्ये अनेकवचन निदान लियेझाँमुळे (दोन शब्द जोडून म्हणण्यामुळे) कळतं, 'इल ओरे' आणि 'इल-झ-ओरे', पण एत्रच्या 'इल सरे'मध्ये एक माणूस की दहा ते नुसतं ऐकून कळणारच नाही, मागचंपुढचं वाक्य बघावं लागतं. मी डिक्टेशन घ्यायचे, ऑडिओ थांबवून थांबवून, आणि माझं मत असं आहे की या काळासाठी गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा डिक्टेशन दहापट कामाचं.

लिंगवचनाचं म्हणाल तर इथे मराठीनं मला हात दिला. 'मी आले असते', 'तो आला असता', 'त्या आल्या असत्या', येणं-जाणंवाल्या क्रियापदांचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं हे आपल्या अंगवळणीच पडलेलं असतं आणि फ्रेंचमध्ये एत्र घेणाऱ्यांचं तेच आहे, 'ज सरे व्हन्यू' मी बाई म्हणून लिहिणार तर शेवटी एक ई जास्तीचा, बोलताना ऐकू येत नाही पण लिहायचा. आणि आव्वारच्या बाबतीत कर्म आधी आलं तर पार्तिसिप कर्माप्रमाणे बदलतं हे ऐकून माझ्या बॅचमधले इंग्रजी माध्यमवाले वैतागले होते, पण 'मी पोळी खाल्ली असती', 'मी आंबा खाल्ला असता' असं आपण रोज कर्म बघूनच तर बोलतो! फरक एवढाच की फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं असेल तरच. 'ला पोम क ज'ओरे माँजे', जे सफरचंद मी खाल्लं असतं, तिथे पोम स्त्रीलिंगी आणि आधी आलंय म्हणून माँजेला जास्तीचा ई.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे मराठी वाक्य बघा: 'वेळ असता तर मी आले असते.' हे मी आज संध्याकाळच्या कार्यक्रमाबद्दल बोलतेय की मागच्या वर्षीच्या लग्नाबद्दल? वाक्यावरून सांगता येत नाही, मराठीला दोन्ही चालतं आणि आपलं काही अडतही नाही. फ्रेंचमध्ये ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आजचं असेल तर 'सी ज'आवे ल ताँ, ज व्ह्यँद्रे', म्हणजे सी (जर) नंतर आँपार्फे आणि पुढे कोंदिस्योनेल प्रेझाँ. होऊन गेलेलं असेल तर 'सी ज'आवे यू ल ताँ, ज सरे व्हन्यू', सी नंतर प्ल्युस-क-पार्फे (त्याही आधीचा भूतकाळ) आणि पुढे कोंदिस्योनेल पासे. मराठीतून विचार करणारा माणूस इथे अडकतो, प्रत्यय माहीत असतात पण कुठला लावायचा हे ठरवायला लागणारी माहिती आपल्या वाक्यात नसतेच. मी मग प्रत्येक वाक्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायला लागले, गाडी सुटली का? अजून यायची शक्यता कल्पनेत तरी आहे की तो दिवस गेला तो गेला? गेला असेल तर पासे. काही आठवडे मी रोज रात्री दिवसभरातल्या खऱ्याखुऱ्या गोष्टी घेऊन अशी वाक्यं वहीत लिहिली, छत्री नेली असती तर भिजले नसते, लवकर निघाले असते तर बस मिळाली असती, आणि हळूहळू तो प्रश्न न विचारताच उत्तर यायला लागलं.

त्यातही एक तिसरा प्रकार आहे. 'शाळेत फ्रेंच घेतलं असतं तर आज छान बोलले असते.' अट गेलेल्या काळातली पण परिणाम आजचा, म्हणून सी नंतर प्ल्युस-क-पार्फे आणि दुसऱ्या भागात साधा कोंदिस्योनेल प्रेझाँ. बी-टूला अशी मिश्र वाक्यं आली की लिखाण लगेच उठून दिसतं.

आणि हो, मराठीत 'असतं' दोन्हीकडे येतं, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. फ्रेंचमध्ये अटीच्या सी नंतर कोंदिस्योनेल कधीच नाही. तिकडे यासाठी एक जुनं वाक्य आहे, 'ले सी नेम पा ले रे', म्हणजे सी ला रे-वाली रूपं आवडत नाहीत. आमच्या मॅडमनी ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं आणि खरंच त्याहून सोपं काही नाही.

बनवणं जमलं की वापर, आणि तो भाग मला सगळ्यात जास्त आवडला. रोजच्या बोलण्यात सी वगैरे काही नसताना हा काळ सारखा येतो. 'ज'ओरे पा द्यू', मी असं करायला नको होतं, यातला नकाराचा 'न' बोलताना गळतो आणि हे वाक्य फ्रेंच लोकांच्या तोंडात सतत असतं. आपण 'हवं होतं, नको होतं' म्हणतो, त्यात 'असतं' नाही, म्हणून मराठीतून जाताना इथे कोंदिस्योनेल सुचत नाही. मी तर जोडीच बनवून टाकली: हवं होतं म्हटलं की ओरे द्यू, करता आलं असतं म्हटलं की ओरे प्यू. आणि माणूस बदलला की सूर बदलतो, 'ज'ओरे द्यू' म्हटलं तर स्वतःची हळहळ, 'त्यू ओरे द्यू म प्रेव्हनीर' म्हटलं की सरळ तक्रार, मला आधी सांगायला हवं होतंस. याच्या अगदी उलट, काउंटरवर 'ज'ओरे व्हूल्यू अँ राँसेन्यमाँ' म्हटलं तर ती नुसती नम्रता, जरा माहिती हवी होती. आपणही दुकानात 'पाव किलो साखर हवी होती' असं भूतकाळातच म्हणतो ना.

मग बातम्या. आर-एफ-आय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या मी ऐकायचे, त्यात 'ल स्युस्पे ओरे कीते ल पेई' असं काहीतरी येतं आणि 'असता' लावून अर्थ काढला तर संशयितानं देश सोडला असता, म्हणजे सोडला नाही, असा उलटाच अर्थ निघतो! इथे अर्थ आहे संशयितानं देश सोडल्याचं समजतं. बातमी पक्की नाही, जबाबदारी आम्ही घेत नाही, हे पत्रकार एका क्रियापदाच्या रूपात सांगून टाकतात. आपल्याला त्यासाठी 'म्हणे', 'कथित', 'असल्याचं वृत्त आहे' असं काहीबाही जोडावं लागतं. डेल्फच्या ऐकण्याच्या आणि वाचनाच्या प्रश्नांत हा फरक कळणं फार महत्त्वाचं, कारण 'हे सिद्ध झालंय का' अशा प्रश्नाचं उत्तर त्या एका ओरेमध्ये असू शकतं.

परीक्षेच्या लेखी भागाला एक तास आणि किमान 250 शब्द, आणि बरेचदा औपचारिक पत्र असतं, महापौरांना किंवा कंपनीच्या प्रमुखाला कुठल्यातरी निर्णयाविरुद्ध. तिथे 'व्हूझ ओरिये द्यू', तुम्ही हे करायला हवं होतं, हे व्याकरणानं बरोबर असलं तरी अंगावर गेल्यासारखं वाटतं. त्याऐवजी 'इल ओरे एते सुएताब्ल द', असं झालं असतं तर बरं झालं असतं, किंवा 'ओन ओरे प्यू', करता आलं असतं, अशी कुणाचं नाव न घेणारी वाक्यं मी तयार ठेवली होती आणि दोन्ही पत्रात आली. तोंडी परीक्षेत तीस मिनिटं तयारीला मिळतात, तेव्हाच कच्च्या कागदावर एक सी-वालं वाक्य पूर्ण लिहून ठेवा, बोलताना ऐनवेळी दोन काळ जुळवत बसायला वेळ नसतो. एकूण शंभरपैकी पन्नास आणि प्रत्येक भागात किमान पाच एवढंच पास व्हायला लागतं, पण या काळावर पकड असली की वाद घालायच्या भागात बोलायला खूप मोकळं वाटतं, मला तरी वाटलं, आणि बी-टू मिळालं.

आता जुन्या कादंबऱ्या वाचायला घेतल्यात तर तिथे 'ज'ओरे'च्या जागी 'ज'यूस' दिसतं. ही याच काळाची दुसरी साहित्यिक पद्धत आहे, रूप स्युब्जोंक्तीफच्या (इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपाच्या) प्ल्युस-क-पार्फेचं आणि अर्थ हाच, आणि गंमत म्हणजे हे सी नंतरसुद्धा चालतं. बी-टूला ते लिहायची गरज नाही, वाचताना ओळखता आलं की पुरे.