पाय उचलणारी माणसे

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात सोमवारी दुपारी डबे उघडले की आदल्या दिवशीच्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीचा, म्हणजे ग्रां प्रीचा, विषय निघतोच. नव्याने लागलेली मुले मोठ्या हौसेने जुने प्रसंगही उकरून काढतात. २००८ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत हॅमिल्टनने अगदी शेवटच्या वळणांवर टिमो ग्लॉकला मागे टाकून अवघ्या एका गुणाने विजेतेपद कसे खेचून आणले, १९७१ साली इटलीतल्या मोंझाला पीटर गेथिन सेकंदाच्या शंभराव्या भागाने कसा जिंकला आणि पहिल्या पाच गाड्या एका सेकंदाच्या आत कशा आल्या, हे सगळे त्यांना पाठ असते. मलाही हे प्रसंग आवडतात. पण ग्रां प्रीच्या इतिहासातले संस्मरणीय क्षण कोणते, असे मला कोणी विचारले, तर माझ्या डोळ्यांसमोर आधी उभी राहतात ती कोणीतरी गाडी थांबवल्याची, किंवा चालती गाडी सोडून खाली उतरल्याची दृश्ये.

हा धंद्याचा परिणाम असावा. मी पंचवीसहून अधिक वर्षे ब्रेकच्या डिस्क तपासत आलो आहे, आणि त्याआधी शाळेच्या सुट्ट्या नाना पेठेतल्या काकांच्या गॅरेजमध्ये घालवल्या आहेत. ब्रेकचे काम झाले की काका गाडी स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत नेत, एकदा हलकेच आणि एकदा जोरात ब्रेक दाबून पाहत, आणि परत आल्यावर चारही चाकांपाशी बसून ड्रमला हात लावत. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तर गिऱ्हाईक चहा संपवून कितीही चुळबुळ करत उभे असो, ते चाक पुन्हा खोलले जाई. “गाडी पळते का ते गिऱ्हाईक बघेल, थांबते का ते आपण बघायचं,” असे ते म्हणत आणि हात कॉटन वेस्टला पुसत.

माझ्या यादीत पहिला येतो तो मोंझाचा २ सप्टेंबर १९५६ चा दिवस. त्या वर्षीच्या विश्वविजेतेपदाच्या गुणांत हुआन मान्युएल फान्जिओ आघाडीवर होता. पण तो गुणांविना राहिला आणि पीटर कॉलिन्सने शर्यत जिंकून सर्वांत वेगवान फेरीचाही गुण मिळवला, तर चोवीस वर्षांचा कॉलिन्स विश्वविजेता होणार होता. दोघेही फेरारीचेच चालक. फान्जिओच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला आणि तो पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेत, उभा राहिला. त्या काळच्या नियमांनुसार एका चालकाला आपली गाडी दुसऱ्याला देता येत असे आणि मिळालेले गुण दोघांत वाटले जात. फेरारीचाच लुईजी मुस्सो टायर बदलायला आत आला, तेव्हा त्याला उतरण्याविषयी सुचवले गेले. तो उतरला नाही आणि निघून गेला. नंतर कॉलिन्स आत आला. त्याने फान्जिओला पाहिले आणि तो आपण होऊन गाडीतून उतरला. फान्जिओने ती गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली, दोघांना तीन-तीन गुण मिळाले आणि विजेतेपद फान्जिओचे झाले.

या प्रसंगावर लिहिणारे बहुतेक जण कॉलिन्सला देव्हाऱ्यात बसवून मुस्सोला स्वार्थी ठरवतात, ते मला पटत नाही. मुस्सो इटालियन होता, शर्यत त्याच्या घरच्या मैदानावर होती आणि तो पुढे आघाडीवरही आला. अवघ्या तीन फेऱ्या उरल्या असताना त्याची गाडी बिघडली नसती, तर त्याच्या नकाराची आज कोणी आठवणही काढली नसती. त्याच दिवशी जिंकणाऱ्या स्टर्लिंग मॉसचेही इंधन वाटेत संपले होते आणि लुईजी पिओट्टी नावाच्या दुसऱ्या चालकाने आपल्या गाडीच्या नाकाने ढकलत त्याला पिटपर्यंत पोहोचवले, हे तर बहुतेकांच्या खिजगणतीतही नसते. कॉलिन्सबद्दल एवढेच म्हणता येईल की आपण तरुण आहोत, आपली वेळ पुढे येईलच, असा त्याचा हिशेब होता असे सांगतात. तो हिशेब चुकला. ३ ऑगस्ट १९५८ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर झालेल्या अपघातात तो गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. मुस्सो त्याच्याही आधी, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, फ्रान्समध्ये गेला होता.

त्याच १९५८ मध्ये मॉसने जे केले, त्यात गाडी थांबवणे नव्हते, पण जात तीच. पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या रस्त्यांवर झालेली शर्यत मॉसने जिंकली आणि विजेतेपदासाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा आला. शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली होती आणि ती पुन्हा चालू करताना तो शर्यतीच्या उलट दिशेने गेला, या कारणावरून त्याला बाद करण्याची तयारी झाली होती. मॉस आपण होऊन पंचांपुढे गेला आणि हॉथॉर्न त्या वेळी रस्त्यावर नव्हे, पदपथावर होता अशी साक्ष त्याने दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्ष संपले तेव्हा हॉथॉर्नचे ४२ गुण झाले होते आणि मॉसचे ४१. त्या हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस सलग चार वर्षे दुसरा आला आणि विश्वविजेता कधीच झाला नाही. आमच्या कारखान्यातल्या मुलांना हे सांगितले, तेव्हा एकाने शांतपणे विचारले, “सर, पण त्याला कोणी विचारलं होतं का?” विचारले नव्हते, हेच तर त्यातले विशेष आहे.

१९७३ च्या नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टच्या शर्यतीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्याची चित्रफीत मला दुसऱ्यांदा पाहवली नाही. रॉजर विल्यमसनची गाडी आठव्या फेरीत टायर निकामी होऊन उलटली आणि पेटली. तो आत अडकून होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने आपली गाडी उभी केली, वेगाने गाड्या जात असलेला रस्ता धावत ओलांडला आणि एकट्याने ती जळती गाडी सरळ करण्याची धडपड केली. जवळच्या कर्मचाऱ्यांकडे आगीपासून संरक्षण देणारे कपडे नव्हते. जाणाऱ्या इतर चालकांना वाटले की पर्ली हाच त्या जळत्या गाडीचा चालक आहे आणि तो सुखरूप बाहेर आला आहे. त्यामुळे कोणी थांबले नाही आणि शर्यतही थांबवली गेली नाही. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे शौर्यासाठीचे ब्रिटिश जॉर्ज मेडल मिळाले.

फेरारीचा चालक निकी लाउडाची गोष्ट सर्वांना माहीत असते, पण ती सांगताना लोक अर्ध्यावर थांबतात. १ ऑगस्ट १९७६ च्या शर्यतीपूर्वी हा मार्ग धोकादायक आहे, येथे धावू नये, असे त्याने इतर चालकांना सांगून पाहिले होते. बहुमत विरोधात गेले आणि त्याच न्युर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चार चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून बाहेर काढले. त्याच्या फुप्फुसांत विषारी धूर गेला होता. सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, तो जखमा पुरत्या भरलेल्या नसताना मोंझाला गाडीत बसला आणि चौथा आला. येथवर सर्व जण सांगतात आणि जिद्दीचे गोडवे गातात.

मला मात्र त्यापुढचा जपानमधल्या फुजीचा दिवस महत्त्वाचा वाटतो. २४ ऑक्टोबरला शेवटच्या शर्यतीपूर्वी लाउडा त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट याच्यापेक्षा तीन गुणांनी पुढे होता. पाऊस कोसळत होता, रस्त्यावर पाणी वाहत होते, आणि भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला नीट डोळे मिटताही येत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर तो पिटमध्ये आला आणि उतरला. फेरारीचे अभियंते माउरो फोर्गिएरी यांनी गाडीत बिघाड झाल्याचे जाहीर करण्याची तयारी दाखवली. लाउडाने ती पळवाट नाकारली आणि आपण आपल्या निर्णयाने थांबलो असेच सांगितले. त्या दिवशी आणखी तीन चालकांनी स्वतःहून गाडी सोडली होती, पण त्यांच्या हातून विजेतेपद जाणार नव्हते. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ असा एका गुणाने जिंकला. तापलेल्या ड्रमसाठी चाक पुन्हा खोलताना काका गिऱ्हाइकाला कधीही दुसरे कारण सांगत नसत, “काम बरोबर झालेलं नाही” एवढेच म्हणत. मला फुजीविषयी वाचताना नेहमी ते आठवते.

लाउडा १९७७ मध्ये पुन्हा विजेता झाला, आणि १९८४ मध्ये ॲलन प्रोस्टपेक्षा केवळ अर्ध्या गुणाने. हा अर्धा गुण कोठून आला? त्या वर्षी मोनॅकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवली गेली, म्हणून जिंकलेल्या प्रोस्टला नऊऐवजी साडेचार गुण मिळाले. मागून ब्राझीलचा चालक आयर्टन सेना झपाट्याने येत होता. शर्यत पूर्ण होऊन प्रोस्ट दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळाले असते आणि विजेतेपदही. थांबल्यामुळे एकदा हरलेला लाउडा दुसऱ्याने थांबवल्यामुळे जिंकला. असा हिशेब मांडून पाहण्याची मला खोड आहे.

त्याच सेनाने १९९२ मध्ये बेल्जियममध्ये सरावाच्या वेळी केलेली गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एरिक कोमास अपघातानंतर गाडीत बेशुद्ध पडला होता, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला होता आणि इंजिन तसेच ओरडत होते. सेना आपली गाडी थांबवून रस्त्यावरून धावत त्याच्यापाशी गेला, त्याने इंजिन बंद केले आणि मदत येईपर्यंत कोमासचे डोके हातांत स्थिर धरून ठेवले.

१ मे १९९४ हा रविवार होता आणि महाराष्ट्र दिनही, त्यामुळे सगळे घरीच होते. काकांच्या घरी केबलवर आम्ही इटलीतल्या इमोलाची शर्यत पाहत होतो. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा वाजत आले होते. सेनाची गाडी भिंतीवर आदळली आणि बराच वेळ पडद्यावर फक्त पिवळे शिरस्त्राण आणि भोवतीची माणसे दिसत राहिली. काका खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. “आता हे पुढे चालू करतील काय रे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “हो काका, करतील.” शर्यत पुन्हा सुरू झाली आणि शूमाकर जिंकला.

पण त्याआधी एक प्रकार घडला होता, जो मला पुष्कळ वर्षांनी कळला. शर्यत थांबवलेली असतानाही चुकीने पिटमधून बाहेर सोडली गेलेली एक गाडी अपघाताच्या जागेपर्यंत आली होती. ती कोमासची होती. तो उतरला, त्याने समोर कोण आहे ते पाहिले, आणि पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीत तो धावला नाही. त्या संध्याकाळी आम्ही हे पाहिले नाही. पुन्हा सुरू झालेल्या गाड्यांची पहिली फेरी संपण्याआधीच काकांनी मला टीव्ही बंद करायला सांगितले होते.