बघू, कळवतो: चीनमधल्या माझ्या एमएचा अनुभव

चीनला जाऊन एमए कसं केलं असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. मी 2017 ते 2019 शांघायमध्ये चिनी भाषा, संस्कृती आणि व्यापार या विषयात एमए केलं, लेक्चर, परीक्षा, थिसिस सगळं चिनीतच. त्याआधी बीकॉम करता करता पुण्यात क्लास लावून एचएसके 5, म्हणजे चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेची पाचवी पातळी, दिली होती, तिला तेव्हा साधारण 2500 शब्द लागायचे. ॲडमिशन लेटर, जेडब्ल्यू 202 हा विद्यार्थी व्हिसासाठीचा फॉर्म, मेडिकल, मग एक्स 1 म्हणजे लांब मुदतीच्या शिक्षणाचा व्हिसा आणि तिकडे उतरल्यावर 30 दिवसांत रेसिडेन्स परमिट, हे सगळं वेळखाऊ आहे पण अवघड नाही.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचा मोठा फायदा होतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. चिनी उच्चार रोमन अक्षरात लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, त्यात बी लिहिलेलं असतं पण म्हणायचा प, आणि पी लिहिलं की फ, इंग्रजी डोक्यात ठेवून वाचलं की हमखास चुकतं. झेड असेल तिथे आपल्या चमच्यातला च, जे असेल तिथे चिंचेतला च, जवळजवळ तसाच. मी पूर्ण वही देवनागरीत केली, फक्त शब्दाचा अर्थ बदलणारे चिनीतले चार सूर दाखवायला वर पेन्सिलीने रेघा काढायचे. वस्तू मोजताना आकड्यापुढे लावायचे शब्दही तसेच, कागदाला वेगळा, माशाला वेगळा, छत्रीला वेगळा, सगळे वैतागायचे पण मेथीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा म्हणत वाढलेल्या माणसाला त्यात नवल काय.

खरं शिकले ते यिवूला. शांघायपासून फास्ट ट्रेनने दीड-दोन तास, घाऊक मालाचं एवढं मोठं मार्केट की 75 हजाराच्या आसपास गाळे आहेत. दुसऱ्या सेमिस्टरला ओळखीतल्या एका व्यापारी काकांसाठी दुभाषी म्हणून गेले, त्यांना केसांच्या क्लिपा हव्या होत्या, 40 खोकी. गाळ्यावरच्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर भाव टाईप करून दाखवला, आमच्या काकांनी त्यातले पैसे कमी करून परत दिला, असं चार-पाच वेळा झालं आणि भाव जमला. मग काकांनी 60 दिवसांची उधारी मागितली. बाई हसल्या, आमच्या कागदी कपात गरम पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "खाओल्यू खाओल्यू". म्हणजे शब्दशः, जरा विचार करते. मी काकांना तसंच सांगितलं, त्या विचार करतायत, आणि आम्ही तीन दिवस हॉटेलात वीचॅटकडे, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सॲपकडे, डोळे लावून बसलो. काही आलं नाही. काकांचे तीन दिवस आणि हॉटेलचं बिल माझ्यामुळे वाया गेलं हे मला फार लागलं.

परत येऊन गाईड सरांना विचारलं तर ते म्हणाले, त्या बाईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं होतं की, तोंडावर नकार दिला असता तर पाहुण्याचा म्येन्च गेला असता, म्हणजे लोकांपुढची पत. आणि मला एकदम आपले कांदेपोहे आठवले. मुलाकडचे उठताना "घरी बोलून कळवतो" म्हणाले की आपल्याकडे कोणी फोनजवळ बसून राहत नाही ना. अख्खा प्रकार मला लहानपणापासून माहीत होता, फक्त चिनीत ऐकताना मी तो एचएसकेच्या कानांनी ऐकला.

थिसिसचा विषय मी तिथेच बदलला: यिवूतल्या सौद्यांमध्ये नकार कसा दिला जातो आणि दुभाषी तो कसा पोचवतो. सरांनी पाठिंबा दिला. मी सोलापूरची आहे कळल्यापासून त्यांचा माझ्यावर जीव होता, "ख तीह्वांच्या गावची" म्हणायचे. ख तीह्वा म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, तिथली भाषा शिकले आणि 1942 मध्ये 32 व्या वर्षी तिथेच वारले. तिकडच्या जुन्या माणसांना हे नाव अजून पाठ आहे.

थिसिसचे टप्पे बरेच असतात, सुरुवातीला विषय मांडायचा, मध्ये एक तपासणी, मग कॉपी तपासणारं सॉफ्टवेअर, मग बाहेरच्या परीक्षकांकडे विनानावाचा थिसिस जातो, शेवटी तोंडी. जाणाऱ्यांनी निदान सहा महिने फक्त लिहायच्या चिनीला द्या, बोलायची आणि लिहायची भाषा पार वेगळी आहे, माझी 25 हजार अक्षरं तीनदा लिहून झाली.

तोंडीला एका मॅडमनी नेमका प्रश्न विचारला. त्या बाईंचं वाक्य तू नकार म्हणून सांगितलंस तर त्या न बोललेला शब्द त्यांच्या तोंडी घालतेस, विचार करतायत म्हणून सांगितलंस तर गिऱ्हाईक तीन दिवस बसून राहतं, मग सांगायचं काय? मी म्हटलं, मराठीत मी "बघू म्हणाल्या" असं सांगेन, काकांना बरोबर कळलं असतं आणि बाईंचा शब्दही मोडला नसता. मॅडमनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि पिनयिनमध्ये लिहायला गेल्या, पण घ ला पिनयिनमध्ये अक्षरच नाही, म्हणून मीच त्यांच्या कागदावर देवनागरीत लिहून दिला.