सुपरस्टिशनच्या डोंगरात सोनं शोधताना

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहायला आलेल्या माणसाला पूर्वेकडचे सुपरस्टिशनचे डोंगर दिसले, की कुणीतरी ‘लॉस्ट डचमन’ खाणीची गोष्ट ऐकवतंच. जेकब वॉल्ट्झ नावाचा जर्मन म्हातारा (तिथे जर्मनांनाही ‘डच’ म्हणत, तोच हा डचमन) १८९१ साली फिनिक्समध्ये वारला. जाता जाता शुश्रूषा करणाऱ्या ज्युलिया थॉमसला त्याने खाणीचा ठावठिकाणा सांगितला म्हणे. पुढच्याच वर्षी ती शोधायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. तेव्हापासून रांग लागली आहे, तिच्यात मीही.

पहिला टप्पा कायद्याचा. हा भाग टॉन्टो राष्ट्रीय वनातलं राखीव रान आहे. १९८४ पासून तिथे खाणीचा नवा दावा, म्हणजे खणायचा हक्क, लावता येत नाही, आणि पुरलेला खजिना शोधायचा तर वेगळा परवाना लागतो. म्हणजे खाण सापडली तरी ती माझी होणार नाही. हे ऐकून बायको म्हणाली, “मग जायचंच कशाला?” प्रश्न बरोबर होता, पण सह्याद्रीत वाढलेल्याला सुळका दिसला की पाय शिवशिवतात.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि ही खाण लोकांचा जीव घेते ही नुसती दंतकथा नाही. २०१० च्या जुलैमध्ये युटाहून आलेले तिघे शोधायला गेले. त्यांचे अवशेष पुढच्या वर्षी मिळाले. त्याआधी १९३१ मध्ये नकाशा घेऊन गेलेल्या अ‍ॅडॉल्फ रूथची कवटी सहा महिन्यांनी सापडली. मी माणशी चार लिटर पाणी घेतलं आणि खिशात एक कंगवा. इथे चोया नावाचा निवडुंग आहे. नुसता स्पर्श झाला तरी काट्यांचा गोळा तुटून अंगाला चिकटतो. माझ्या पोटरीला एक बसलाच. हाताने ओढायला गेलं की तो बोटांना चिकटतो. कंगव्याचे दात खालून सरकवून झटका दिला, तेव्हा तो उडाला. काटे मात्र चिमट्यानेच काढावे लागले.

पेराल्टा वाटेने चारेक किलोमीटर आणि ४०० मीटर चढून फ्रीमाँट खिंडीत पोचलं, की समोर वीव्हर्स नीडल. या सुळक्याची सावली दुपारी चारला जिथे पडते तिथे खाण, असं सांगतात. पण चार कोणत्या महिन्यातले? डिसेंबरची सावली आणि जूनची सावली यांच्यात सगळी दरी सामावते. शिवाय आजूबाजूचा खडक ज्वालामुखीतून आलेला, बराचसा राखेचा; त्यात सोन्याची आशा कमीच. सोनं निघालं ते पायथ्याच्या गोल्डफील्डला, १८९० च्या दशकात. माझं मत विचाराल तर वॉल्ट्झकडे सोनं असलंच, तर ते या सुळक्याखालचं नव्हतं.

मग रानाबाहेर, जिथे रीतसर दावा आहे अशा जागी, हौशी लोकांच्या एका क्लबचं सभासदत्व घेतलं. ओढा कोरडा, म्हणून रेती चाळून घमेल्यातल्या पाण्यात थाळी हलवायची. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती धुतात, तसंच हे. सोनं पाण्याच्या १९ पट जड, त्यामुळे हलकी वाळू कडेवरून निघून जाते आणि तळाशी काळी रेती उरते. ती लोहयुक्त, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला की बरीचशी उचलली जाते. उरलेल्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन पिवळे कण होते. सावलीत धरले तरी पिवळेच राहिले; अभ्रक सावलीत विझतं, सोनं नाही.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने त्यांची दखल घेतली नाही. क्लबची वर्गणी मात्र भरली आहे. आता ओढ्याच्या आतल्या वळणावर, पायाखडकाच्या भेगा ब्रशने साफ करून बघायच्या आहेत. पुराचा जड माल तिथेच अडकतो.