रद्दी

सगळं तयार होतं. बटाटे शिजत आले होते, मक्याची कणसं मोडून ठेवली होती, स्मोक्ड सॉसेजचे तुकडे झाले होते. दोन पौंड कोळंबी, सालीसकट, फक्त पाठीला कात्री लावून धागा काढलेली. पातेल्यात ओल्ड बे मसाल्याचं पाणी खळखळत होतं आणि घरभर शिंका. तेवढ्यात लक्षात आलं, घरात वर्तमानपत्रच नाही!

लोकंट्री बॉइल, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा हा एकत्र उकडलेला पदार्थ, ताटात वाढत नाहीत. पाणी निथळायचं, टेबलावर वर्तमानपत्रं पसरायची, पातेलं त्यावर उलटं करायचं आणि भोवती उभं राहून हाताने खायचं. तिथल्या सव्हाना शहरात आल्यावर शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क मराठीत ओरडले होते, ‘‘अगंबाई, ही तर पोपटी!’’

याचं दुसरं नाव फ्रॉगमोर स्ट्यू. त्यात बेडूक नाही आणि रस्साही नाही. फ्रॉगमोर हे साउथ कॅरोलिनातल्या सेंट हेलेना बेटावरचं गाव. १९६०च्या दशकात नॅशनल गार्डच्या शंभरेक जवानांना जेवू घालताना हा पदार्थ जन्मला, असं सांगतात. मला ते पटत नाही. गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांचे वंशज, गुल्ला लोक, त्याआधी कितीतरी पिढ्या तिथल्या खाड्यांत कोळंबी धरत होते. एकाच भांड्यात सगळं टाकायचं त्यांच्यातल्या एकाही बाईला सुचलं नसेल?

आमची पोपटी जानेवारीत, अलिबागजवळ मामाच्या शेतात. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी परत पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मामा मधूनच मडक्यावर पाणी शिंपडायचा. चर्र झालं की झाली पोपटी! मग सगळं वर्तमानपत्रावर. आम्ही शेंगांवर तुटून पडायचो आणि बाबा त्याच शेंगा बोटाने बाजूला सारून खालची बातमी वाचायचे. ‘‘अहो, जेवा आधी,’’ आई म्हणायची. ‘‘थांब गं, पुढचं अंड्याखाली आहे.’’ बरीच शाई पोटात गेली असणार. अजून तरी काही झालं नाही.

तर वर्तमानपत्र. लेकाला म्हटलं, ‘‘मका आणि सॉसेज टाक, पाच मिनिटांनी कोळंबी टाक, मग तीन मिनिटांचा टायमर लाव,’’ आणि कपाटावरचं खोकं उतरवलं. आईने भारतातून दिलेली समई त्यात तशीच होती, एकेक भाग वेगळा गुंडाळलेला. वरचा मोर सोडवला. पान २०११ सालचं. पाणीकपात, दोन श्रद्धांजल्या, एक ‘गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे’. आणि खाली कोपऱ्यात बाबांचं शब्दकोडं.

बाबा कोडं पेनानेच सोडवायचे. पेन्सिल म्हणजे भित्रेपणा. आडवा शब्द, पाहुणचार, पाच अक्षरी. त्यांनी ‘आदरातिथ्य’ लिहून जोरात खोडलं होतं, कारण उभ्या शब्दातून तिसरं अक्षर ‘ब’ आलं होतं. पुढे रिकामं. बहुतेक तेवढ्यात आईने पान ओढून घेतलं असेल, समईला कमी पडतंय म्हणून. मी तिथेच जमिनीवर बसले.

‘‘आई, टायमर केव्हाचा वाजतोय!’’

कोळंबीची चंद्रकोर झाली की गॅस बंद, असं आई म्हणायची. पातेल्यात सगळी पौर्णिमा झालेली. वाणसामानाच्या तपकिरी पिशव्या फाडून टेबलावर पसरल्या आणि रबर चावत बसलो. सॉसेज मात्र छान झालं होतं.

रात्री भांडी झाल्यावर पेन घेतलं आणि लिहिलं, सरबराई. बसलं तर आहे. बरोबर की चूक ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात असणार, आणि तो कुठल्या भांड्याभोवती गेला कोण जाणे.