विलंब माफीचा अर्ज आणि मधली वर्षे

जुन्या फेरफाराविरुद्ध किंवा कूळकायद्याखालील जुन्या आदेशाविरुद्ध दाद मागायला आलेला पक्षकार बहुधा एकच गोष्ट ठासून सांगतो : आदेशच बेकायदेशीर आहे, मग मुदतीचा प्रश्न येतोच कुठे? सोलापुरात महसुली प्रकरणे चालवताना याचे जे उत्तर मला द्यावे लागते, ते कोणालाच आवडत नाही. आदेश चुकीचा असला तरी सक्षम अधिकाऱ्याने तो रद्द करेपर्यंत कागदावर कायम राहतो, आणि रद्द करून घ्यायचा तर वेळेत यावे लागते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 250 नुसार जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत 60 दिवस आहे, तर जिल्हाधिकारी किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध 90 दिवस. पुरेसे कारण दाखवल्यास कलम 251 खाली विलंब माफ होतो. न्यायालये याबाबत उदार असतात हे खरे. पण ही उदारता कारण सांगणाऱ्यासाठी असते.

अडचण इथेच येते. समजा, मोहोळ तालुक्यातल्या एका गटावर 1985 साली वारस नोंद झाली आणि त्यात एका भावाचे नाव राहून गेले. आज तो प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करतो आणि विलंब माफीच्या अर्जात लिहितो की, अर्जदार अडाणी असून सदर नोंदीची माहिती त्यास गेल्या महिन्यात नक्कल काढल्यावर झाली. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असते, आणि ते कोणाच्या टायपिंगमधून कोणाच्या अर्जात आले हेही ओळखता येते. सामनेवाला मग 1998 चा सातबारा दाखल करतो, ज्याच्या इतर हक्कात गावच्या विकास सोसायटीचा बोजा आहे, आणि सोबत त्या कर्जाला जामीन म्हणून याच अर्जदाराची सही असलेला कागद जोडतो. म्हणजे नोंद त्याला तेव्हाच ठाऊक असायला हवी होती. मूळ नोंद बरोबर की चूक, इथपर्यंत सुनावणी पोहोचतच नाही.

अपिलाची मुदत गेली म्हणून कलम 257 खाली रिव्हिजन (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून आदेशाची फेरतपासणी) करू, तिला मुदत नाही, असा सल्ला बार रूममध्ये सर्रास दिला जातो. त्या कलमात मुळात दिवस लिहिलेले नव्हते, हे बरोबर आहे. पण 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाबाबत सांगितले की, रिव्हिजनचा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, असा काळ साधारणपणे तीन वर्षांचा धरावा, अपवादात्मक परिस्थिती वेगळी. आणि त्या प्रकरणातील 17 वर्षांचा विलंब पूर्णपणे अवाजवी आहे. गुजरातमधील जमिनीच्या एका प्रकरणात वाजवी काळाचे हेच तत्त्व 1969 सालीच मांडले गेले होते, तरीही तो सल्ला अजून चालूच आहे.

मला ही कडक भूमिका योग्य वाटते. मधल्या काळात जमीन विकली गेलेली असते, घेणाऱ्याने विहीर पाडून कर्जावर पाइपलाइन आणलेली असते आणि मूळ जबाब देणारे तलाठी, पंच हयात नसतात. जमीन घेणाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडायचे, तर आधी अर्जदाराने आपल्या गप्प बसण्याचा हिशोब दिला पाहिजे.

कपट असेल तर गोष्ट वेगळी. मुदत कायद्याच्या कलम 17 नुसार काळ कपट कळल्यापासून मोजला जातो, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ते कळू शकले असते तेव्हापासून. शासनाने भूसंपादन न करताच जमीन ताब्यात ठेवली असेल तेथेही केवळ उशिराचे कारण चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये महाराष्ट्रातील आणि 2020 मध्ये हिमाचल प्रदेशातील प्रकरणात म्हटले आहे. मात्र ती सवलत शासनाविरुद्ध होती. भावकीच्या वादात हे निवाडे जोडून फारसा उपयोग होत नाही.

राहता राहिले ‘मुंबई लांब पडते’ हे कारण. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे ते आता अर्जात लिहिण्याचीही सोय राहिलेली नाही.